वीस रुपयांचा फ्यूज आणि साडेसात हजारांचं 'भंगार'

मित्रांनो, पोस्ट मोठी आहे. पण घरात मिक्सर, गिझर, इस्त्री, ओव्हन यातलं एक जरी काही असेल तरी शेवटपर्यंत वाचा. खिसा तुमचाच कापला जाणार आहे.

सरळ मुद्द्यावर येतो. वस्तू विकायची, ती बिघडली की तिचा सुटा भाग द्यायचा नाही, आतल्या वायरिंगचा नकाशा दाखवायचा नाही, आणि मग हसत हसत सांगायचं, "मॅडम, आता नवीनच घ्या, एक्स्चेंज ऑफर चालू आहे." याला कंपन्या सर्व्हिस म्हणतात. मी याला वसुली म्हणतो. आणि या वसुलीचा सगळ्यात मोठा वाटा पुण्या-मुंबईकडून येत नाही, आपल्यासारख्या तालुक्याच्या गावांतून येतो. कारण तिथे निदान दुसरं दुकान सापडतं. इथे बार्शीत कंपनीचा माणूस 'नाही' म्हणाला की विषय संपला.

उदाहरण देतो, म्हणजे हवेत बोलतोय असं वाटायला नको.

आमच्या गल्लीत एक ताई आहेत. बचत गटातून कर्ज काढून त्यांनी ओटीजी घेतला, म्हणजे तो ओव्हन-टोस्टर-ग्रिलर. साडेसात हजारांचा. त्यावर नानकटाई, बिस्किटं, वाढदिवसाचे केक. दिवाळीच्या आधीचा पंधरवडा म्हणजे त्यांचा सुगीचा हंगाम. नेमका त्याच दिवसांत ओव्हन बंद पडला. वॉरंटी संपून चार महिने झालेले. कंपनीच्या नंबरवर फोन केला. तीन दिवसांनी सोलापूरहून माणूस आला. व्हिजिटचे साडेचारशे रुपये आधी घेतले. मागचं झाकण उघडलंसुद्धा नाही. प्लग लावला, नॉब फिरवला, म्हणाला, "आतली असेंब्ली गेलीय. हे मॉडेल बंद झालंय, पार्ट येत नाही. जुना दिला तर नव्यावर हजार रुपये कमी करून देतो."

कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. नाव लिहिलं की चर्चा त्या एका कंपनीवर जाते आणि बाकीच्या सुटतात.

ताईंनी मला विचारलं, "भाऊ, तुम्ही पेपरवाले, यांच्यावर काही छापता येईल का?" मी म्हटलं, छापू, पण आधी उघडून तरी बघू. मोटार रिवायंडिंग करणारे एक जुने मिस्त्री माझ्या ओळखीचे आहेत, त्यांना सोबत घेतलं. ताईंच्या स्वयंपाकघरात ओट्यावर वर्तमानपत्र अंथरलं आणि बसलो. पुढचं सगळं तपशिलात लिहितो, कारण हे मशीन किती साधं आहे ते कळल्याशिवाय 'असेंब्ली गेलीय' या शब्दातली लबाडी कळणार नाही.

ओटीजीच्या आत असतं काय? वर दोन आणि खाली दोन रॉड, ज्यांना आपण कॉइल किंवा एलिमेंट म्हणतो. एक थर्मोस्टॅट, ज्यात दोन धातूंची जोडपट्टी तापली की वाकते आणि वीज तोडते, गार झाली की पुन्हा जोडते. एक टायमर. वरची कॉइल, खालची कॉइल की दोन्ही हे ठरवणारा एक सिलेक्टर स्विच. एक लाल दिवा. काही मॉडेलमध्ये छोटा पंखा. आणि या सगळ्यांच्या आधी, वायर आत येते तिथे, जाळीदार पांढऱ्या नळीत लपलेला पेन्सिलच्या तुकड्याएवढा थर्मल फ्यूज. बस्स. साध्या नॉबवाल्या ओटीजीत यापलीकडे काही नसतं. ना कॉम्प्युटर, ना सॉफ्टवेअर. आपल्या आजोबांच्या काळातल्या इस्त्रीचा हा धाकटा भाऊ.

आता बिघाड कसा शोधायचा? मिस्त्रींची पद्धत क्रमाने सांगतो.

१. आधी बोर्ड तपासा. त्याच सॉकेटमध्ये दुसरी जड वस्तू, उदाहरणार्थ इस्त्री, लावून बघा. निम्म्या वेळा दोष सॉकेटच्या सैल झालेल्या पट्टीत असतो आणि शिव्या ओव्हनला बसतात.

२. टायमरच्या टिकटिकीवर विश्वास ठेवू नका. साध्या ओटीजीचा टायमर स्प्रिंगवर चालतो, घड्याळासारखा. प्लग काढलेला असला तरी तो टिकटिक करतो आणि शेवटी घंटी वाजवतो. कंपनीचा माणूस म्हणाला होता, "टायमर चालू आहे म्हणजे करंट येतोय, पुढची असेंब्ली गेलीय." हे वाक्यच त्याच्या तपासणीची लायकी सांगतं.

३. प्लग काढा. ओव्हन पूर्ण गार होऊ द्या. मगच मागचा आणि बाजूचा पत्रा सोडवा. हात कोरडे, पायात चप्पल, लहान मुलं लांब.

४. उघडल्यावर आधी मोबाईलवर चारी बाजूंनी फोटो काढा. कुठली वायर कुठे होती हे नंतर कुणालाच आठवत नाही. कंपनी नकाशा देत नाही, तेव्हा आपला फोटो हाच आपला नकाशा.

५. मग डोळे आणि नाक वापरा. काळी पडलेली क्लिप, वितळलेली वायर, झुरळांची आणि उंदरांची करामत, जळका वास. मल्टीमीटर लागण्याआधीच अर्धं उत्तर इथे मिळतं.

६. आता मल्टीमीटर. कामचलाऊ मीटर दोन-तीनशे रुपयांत मिळतो. बीप वाजणाऱ्या खुणेवर ठेवा आणि वायरच्या टोकापासून एकेक भाग तपासत पुढे जा. वायर वाजली पाहिजे. फ्यूज वाजला पाहिजे. टायमर फिरवल्यावर वाजला पाहिजे. थर्मोस्टॅटचा नॉब फिरवल्यावर 'टक' आवाज होऊन वाजला पाहिजे.

७. कॉइलचा हिशोब सोपा आहे. व्होल्ट गुणिले व्होल्ट, भागिले वॅट. ताईंचा ओव्हन १६०० वॅटचा, म्हणजे वरची जोडी ८०० आणि खालची ८००. २३० गुणिले २३० म्हणजे ५२,९००. त्याला ८०० ने भागलं की ६६. मीटरवर साधारण ६६ ओहम दिसले तर कॉइल ठणठणीत. काहीच दाखवत नसेल तर एक तर कॉइल तुटली, नाहीतर तिची जोडणी सुटली.

आम्ही तपासलं. वायर वाजली. कॉइलच्या दोन्ही जोड्या पासष्टच्या आसपास. थर्मोस्टॅट 'टक' करून वाजला. टायमर वाजला. वाजला नाही तो फक्त थर्मल फ्यूज. आणि त्याच्या शेजारचं थिंबल, म्हणजे वायरच्या टोकाची ती पितळी क्लिप, काळं पडून सैल झालं होतं.

मिस्त्रींनी दोन वाक्यांत निकाल दिला. "जोड सैल झाला, म्हणून तिथं उष्णता झाली. ती उष्णता शेजारच्या फ्यूजला लागली आणि तो उडाला."

म्हणजे कॉइल चांगली, थर्मोस्टॅट चांगला, टायमर चांगला. गेला तो वीस रुपयांचा फ्यूज आणि दोन रुपयांची क्लिप. आणि त्यासाठी एका बाईला सांगितलं गेलं की साडेसात हजारांची वस्तू भंगारात द्या. दिवाळीच्या तोंडावर, डोक्यावर गटाचा हप्ता असताना.

आता खरी गोष्ट इथून सुरू होते.

फ्यूज वीस रुपयांचा, पण बार्शीत मिळेना. राईस कुकरचा फ्यूज मिळत होता. दिसायला सारखाच, पण त्यावरचा तापमानाचा आकडा वेगळा. या फ्यूजवर तीन गोष्टी छापलेल्या असतात, किती अँपिअर, किती व्होल्ट आणि किती तापमानाला उडणार. तिन्ही जुळल्या पाहिजेत. कमी तापमानाचा लावला तर दोन दिवसांत पुन्हा उडेल. जास्त तापमानाचा लावला तर उडायच्या वेळी उडणारच नाही. शेवटी पुण्याला असलेल्या भाच्याला फोटो पाठवला, त्याने बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतून शोधून आणला. चार दिवस गेले. त्या चार दिवसांत ताईंच्या दोन ऑर्डरी गेल्या.

वाट बघत असताना मिस्त्री जे म्हणाले ते मी डायरीत लिहून ठेवलंय. "साहेब, आपण चार दिवस थांबतोय. बाकीचे थांबत नाहीत. फ्यूज काढतात आणि डायरेक्ट तार मारतात. ओव्हन लगेच चालू होतो. गिऱ्हाईक खूष, पन्नास रुपये सुटतात."

डायरेक्ट तार मारणं म्हणजे काय ते समजून घ्या. थर्मल फ्यूज हा त्या मशीनमधला शेवटचा पहारेकरी आहे. उद्या थर्मोस्टॅटची पट्टी चिकटली आणि कॉइल बंदच झाली नाही, तर ओव्हन तापत राहतो. तेव्हा हा फ्यूज स्वतः जळतो आणि घर वाचवतो. तो एकदाच काम करतो, परत जोडता येत नाही, आणि म्हणूनच वीस रुपयांचा असतो. त्याच्या जागी तार टाकली की पहारेकरी गेला. शेजारी ओट्यावर गॅस सिलिंडरची नळी, वर प्लास्टिकचे डबे, भिंतीवर कॅलेंडर. पुढचं तुम्ही कल्पना करा.

इथे माझा कंपन्यांवर सगळ्यात मोठा आरोप आहे, आणि तो मी जबाबदारीने करतो.

'आम्ही सुटे भाग आणि नकाशे बाहेर का देत नाही' असं विचारलं की ठरलेलं उत्तर येतं, "ग्राहकांच्या सुरक्षेसाठी. अनधिकृत माणसाने उघडलं तर धोका आहे." वर 'झाकण उघडल्यास वॉरंटी रद्द' असं स्टिकर. त्रिकोणी खाचेचे स्क्रू, जे आपल्याकडच्या कुठल्याही पेचकसाने निघत नाहीत. काही ठिकाणी तर स्क्रूच्या जागी रिबीट.

अरे, पण तुम्ही भाग दिला नाही म्हणून लोक उघडायचे थांबतात का? ज्याच्या घरात महिन्याला पंधरा-वीस हजार येतात तो साडेसात हजारांची वस्तू फेकून देईल? तो दुरुस्त करणारच. प्रश्न एवढाच आहे की योग्य फ्यूज लावून करेल की तार मारून. वीस रुपयांचा अस्सल फ्यूज तुम्ही तालुक्याच्या काउंटरवर ठेवला असता, तर तार मारायची वेळच आली नसती. म्हणजे ज्या धोक्याचं नाव सांगून तुम्ही भाग अडवता, तो धोका तुमच्या अडवण्यातून तयार होतो. सुरक्षेची एवढी काळजी असेल तर आधी सुरक्षेचा भाग विकायला ठेवा!

दुसरं उत्तर येतं, "मजुरी धरून दुरुस्ती परवडत नाही, नवीन घेणंच स्वस्त." ताईंचा हिशोब मांडतो. फ्यूज वीस, थिंबल आणि उष्णता सोसणारी स्लीव्ह मिळून पंधरा, मिस्त्रींची मजुरी दीडशे. एकूण एकशे पंच्याऐंशी. कंपनीची नुसती पायधूळ साडेचारशेची, त्यावर काम काहीच नाही. मग महाग कोण आहे, दुरुस्ती की कंपनी?

तिसरं उत्तर सगळ्यात चतुर आहे. "लोकांनाच नवीन मॉडेल हवं असतं." असेल ना, शहरात हौस म्हणून महिन्यातून दोनदा पिझ्झा करणाऱ्यांना असेल. पण ज्यांच्यासाठी ओव्हन हे पोट भरायचं हत्यार आहे, त्यांना नवा रंग नको असतो. शेतकऱ्याला नांगराचं नवं मॉडेल नको असतं, फाळ हवा असतो.

आता सरकारकडे येऊ.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये 'दुरुस्तीचा हक्क' या विषयावर समिती नेमली. चार क्षेत्रं ठरली: शेतीची अवजारं, मोबाईल-टॅबलेट, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहनं. त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनाच्या मुहूर्तावर, पोर्टलही सुरू झालं. छान. पण पोर्टलवर येणं कंपन्यांच्या मर्जीवर, आणि मर्जीवर ठेवलेल्या गोष्टी आपल्या देशात कशा चालतात हे सांगायला नको. पुढे दुरुस्ती-निर्देशांकाची कल्पना आली. वस्तू दुरुस्त करायला किती सोपी याचे गुण तिच्यावरच छापायचे, जसे फ्रीजवर तारे असतात. त्याचा अहवाल २०२५ मध्ये सरकारकडे गेला, त्यातही सुरुवात मोबाईल आणि टॅबलेटपासून. ओव्हन, मिक्सर, गिझर यांची पाळी कधी?

फ्रान्समध्ये असे गुण छापणं १ जानेवारी २०२१ पासून काही वस्तूंना बंधनकारक झालं. युरोपीय संघात मार्च २०२१ पासून धुलाई यंत्र, फ्रीज, भांडी धुण्याचं यंत्र यांचे ठरावीक सुटे भाग वस्तूनुसार सात ते दहा वर्षं उपलब्ध ठेवावे लागतात. तिथेही छोटे ओव्हन त्या यादीत नव्हते, हे खरं आहे. पण तिथे निदान तत्त्व मान्य झालं की वस्तू विकून जबाबदारी संपत नाही.

आपल्याकडे हे तत्त्व नवीन आहे का? अजिबात नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये चौदा मोटार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींहून जास्त दंड ठोठावला होता. कारण काय? बाहेरच्या गॅरेजवाल्यांना सुटे भाग आणि तपासणीची साधनं मोकळेपणाने मिळू दिली जात नव्हती. दंडाचं प्रकरण पुढे अपिलांत गेलं, पण आयोगाचं म्हणणं स्पष्ट होतं: गाडी विकलीत म्हणून तिच्या दुरुस्तीचा बाजार तुमच्या एकट्याचा होत नाही. जे गाडीला लागू, ते ओव्हनला का नाही?

आणि ई-कचऱ्याचे नियम बघा. २०२२ चे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. उत्पादकांवर जबाबदारी टाकली की विकलेल्या मालाच्या ठरावीक प्रमाणात कचऱ्याचं रीसायकलिंग झालं पाहिजे. चांगलं आहे. पण वस्तू भंगारात गेल्यावर हिशोब मागण्यापेक्षा ती भंगारात जाऊच नये यासाठी वीस रुपयांचा फ्यूज मागणं जास्त शहाणपणाचं नाही का? ताईंचा अख्खा ओव्हन, पत्रा, काच, तांबं, कॉइल, सगळं धडधाकट असताना भंगारात निघालं होतं. कचरा कंपनी तयार करते आणि साफ करायला नगरपालिकेची घंटागाडी येते.

काही जण कमेंटमध्ये लिहितील, "पत्रकार साहेब, रस्त्याला खड्डे आहेत, पाणी आठवड्याने येतं, आणि तुम्ही टोस्टर घेऊन बसलात?" त्यांना आधीच उत्तर देतो. खड्ड्यांवर मी लिहितो, लिहीत राहीन. पण गावातून पैसा बाहेर कसा जातो हाही सार्वजनिक प्रश्नच आहे. दीडशे रुपये मजुरी मिस्त्रींना मिळाली तर ती संध्याकाळी इथल्याच किराणा दुकानात खर्च होते. साडेसात हजार नव्या ओव्हनला गेले की त्यातले बहुतेक गावाबाहेर गेले, परत येत नाहीत. असे किती मिक्सर, किती गिझर, किती कूलर दरवर्षी? आपल्याच गल्लीत मोजून बघा.

आणि आपण कुठल्या भागात राहतो हे विसरू नका. १८९७ साली बार्शी लाईट रेल्वे सुरू झाली. तिची छोटी इंजिनं कुर्डुवाडीच्या कारखान्यात इथल्याच कामगारांनी वर्षानुवर्षं खोलली, जोडली आणि पुन्हा रुळावर आणली. ज्या भागातली माणसं वाफेचं इंजिन दुरुस्त करत होती, त्यांना आज सांगितलं जातं की चार कॉइलचा डबा उघडायची तुमची लायकी नाही. त्या मिस्त्रींचा मुलगा आज पुण्यात डिलिव्हरीची बाईक चालवतो. 'या धंद्यात काय राहिलंय' म्हणतो. हात कुशल आहेत, गिऱ्हाईक आहे, फक्त भाग नाही आणि नकाशा नाही. धंदा असा मारला जातो.

आता मागण्या. नुसती ओरड मला जमत नाही.

पहिली. वायरिंगचा नकाशा झाकणाच्या आतल्या बाजूला छापा. जुन्या रेडिओत असायचा. खर्च एका कागदाचा.

दुसरी. फ्यूज, थर्मोस्टॅट, कॉइल, टायमर, स्विच हे पाच भाग मॉडेल बंद झाल्यावरही निदान सात वर्षं, छापील किमतीत, कुणालाही मिळाले पाहिजेत.

तिसरी. साधे स्क्रू वापरा. घरगुती वस्तूला त्रिकोणी खाच कशाला, आत काय तिजोरी आहे?

चौथी. प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजनेतून यंत्रांसाठी ३५ टक्क्यांपर्यंत अनुदान मिळतं. त्यात एक अट घाला, ज्या यंत्राचे सुटे भाग जिल्ह्यात मिळतात त्यालाच अनुदान. बघा कंपन्या कशा धावत येतात.

पाचवी. आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन आणि वायरमनची मुलं शिकतात. नगरपालिकेने महिन्यातून एक रविवार त्यांच्यासाठी एखादी शाळा उघडून द्यावी. लोकांनी बिघडलेल्या वस्तू आणाव्यात, मुलांनी गुरुजींच्या देखरेखीखाली दुरुस्त कराव्यात. मुलांना हात, लोकांना वस्तू. या मागणीचं निवेदन मी मुख्याधिकाऱ्यांना देणार आहे, सोबत कोण येतंय?

आणि तुम्ही काय करायचं?

दुकानात ओव्हन, मिक्सर, गिझर घेताना लिटर आणि वॅट विचारता, तसं हेही विचारा: "याची कॉइल आणि थर्मोस्टॅट तुमच्याकडे मिळेल का? केवढ्याला?" दुकानदार गडबडला तर दुसरा ब्रँड बघा. पन्नास गिऱ्हाइकांनी हा प्रश्न विचारला की दुकानदार कंपनीला विचारेल.

वॉरंटीत असेल तर स्वतः उघडू नका, हक्काने करून घ्या. वॉरंटी संपलेली असेल आणि कंपनी टाळत असेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार नोंदवा आणि नंबर जपून ठेवा. तिथे काम झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. २०१९ च्या कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी नाही. 'पार्ट मिळत नाही' हे कंपनीकडून लेखी घ्या. फोनवर मोठ्या आवाजात बोलणारी माणसं लेखी मागितलं की एकदम मवाळ होतात.

स्वतः उघडणार असाल तर वर दिलेला क्रम पाळा, आणि चार गोष्टी डोक्यात पक्क्या ठेवा. फ्यूजला कधीही डाग देऊ नका, डागाच्या उष्णतेनेच तो उडतो. थिंबल दाबून जोडा. फ्यूज का उडाला ते सापडल्याशिवाय नवा लावू नका. झाकण लावल्यावर प्लगच्या अर्थ पिनपासून पत्र्यापर्यंत मीटर वाजलाच पाहिजे, आणि बाकीच्या दोन पिनांपासून पत्र्यापर्यंत अजिबात वाजता कामा नये. मिस्त्रींकडे मेगर असेल तर त्याने तपासून घेतलेलं उत्तम. चौथी सगळ्यात महत्त्वाची: हे सगळं साध्या कॉइलच्या ओटीजीबद्दल आहे. मायक्रोवेव्ह घरी अजिबात उघडू नका. त्यात हजारो व्होल्टचा कपॅसिटर असतो आणि प्लग काढल्यावरही तो जीवघेणा झटका देऊ शकतो.

ओव्हन भिंतीला चिकटवून ठेवू नका, मागे वितभर जागा सोडा. वर डबे आणि विणलेलं कव्हर नको. पावसाळ्यात बरेच दिवस बंद राहिलेल्या ओव्हनच्या कॉइलमध्ये ओल धरते आणि पत्र्याला करंट जाणवतो. तसं झालं तर लगेच प्लग काढा आणि जाणत्याला दाखवा.

ताईंचा ओव्हन चालू आहे. दिवाळीच्या निम्म्या ऑर्डरी त्यांनी पूर्ण केल्या. निम्म्या गेल्या, त्याची भरपाई कुणी देणार नाही.

शेवटची विनंती. तुमच्या घरी 'पार्ट मिळत नाही' म्हणून पडून असलेली वस्तू कोणती, किती वर्षांची, आणि नेमका कुठला भाग हवा होता, एवढं कमेंटमध्ये लिहा. नाव, फोन नंबर नको. ती यादी मी निवेदनाला जोडणार आहे. एका ताईचा ओव्हन ही बातमी होत नाही म्हणतात. दोनशे घरांची यादी झाली तर कशी होत नाही ते बघू.

पटलं तर शेअर करा. नाही पटलं तर का नाही ते लिहा, वाद घालू. आणि हो, तुमच्या ओव्हनमध्ये कुणी डायरेक्ट तार मारली असेल, तर आजच तो प्लग काढून ठेवा.

#दुरुस्तीचा_हक्क